उजव्या टाचेला मलम नाही

मलम! मलम म्हटलं की माझं डोकं सणकतं. अहो, पिच्छा पुरवलाय त्या मलमानं... माझा नाही, माझ्या साडूचा, आणि तुम्हाला सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, शपथ घेतो, सगळं या दोन डोळ्यांनी पाहिलंय! म्हणजे, तिथं मी नव्हतो. होतो तसा, पण स्वयंपाकघरात होतो आणि दार लोटलेलं होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि जे ऐकू आलं नाही ते मला माहीतच होतं! असो. मी जरा या टेबलाला रेलून बोलतो, चालेल ना?

तर साडूची लाँड्री. दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चादरी पिळायच्या, मग इस्त्रीच्या धगीत वाळायचं, टाचांचं काय होणार? भेगा! आगकाडी उभी खोचली तर हलायची नाही अशा भेगा! झोपेत पाय फिरवला की चादर टर्रकन फाटायची. (चादर कुणाची ते विचारू नका, लाँड्रीवाला आहे तो.) मेहुणी लग्नापासून एकच सांगत आली, "अहो, मलम लावा हो!" आणि साडू लग्नापासून एकच म्हणत आला, "लावतो."

आता यात शिरला जावई. हा प्राणी कुठल्याशा प्रयोगशाळेत पेशी वाढवतो. लोक कोंबड्या वाढवतात, दाढी वाढवतात, हा पेशी वाढवतो! का? तर कुणाचा स्नायू फाटला, की त्या जागी बशीत वाढवलेला नवा बसवायचा. पण पेशी म्हणजे सुटलेली शाळा, वाट फुटेल तिकडे पळतात, आणि स्नायूला तर सगळ्या एका दिशेनं पाहिजेत, नाहीतर ओढणार कोण, तुम्ही? म्हणून बशीच्या तळाला खाचा द्यायच्या, की पेशी खाचेला धरून गुमान रांगेत लांबतात. यंत्रानं पाडलेल्या खाचा होत्या, चांगल्या होत्या, पण त्याच्या मॅडम! "मला निसर्गातल्या हव्यात!" मग याची वणवण सुरू. कांद्याची साल झाली, माशाची कातडी झाली, फुलपाखराचा पंख झाला... दिसला खरखरीत पृष्ठभाग की घे ठसा!

एकदा जेवताना याचा चमचा पडला. वाकला टेबलाखाली. वर येईचना! साडूला वाटलं, गेला. तेवढ्यात खालून आवाज आला, "बाबा... पाय हलवू नका."

बस्स! तिथंच ताट बाजूला सारून, दातांचे डॉक्टर घेतात तसा त्यानं लगदा थापून टाचेचा ठसा घेतला, वरण गार झालं ते वेगळंच. आणि आठवड्यानं नाचत आला. म्हणे त्या ठशावर पेशी अशा वाढल्या, अशा वाढल्या, जणू कवायतच! सगळ्या एका अंगाला तोंड करून! साडू म्हणाला, "छान. आता मला मलम दे, काल टाचेतून रक्त आलं."

तशी मुलगी पुढं झाली, "बाबा, मलम लावायचं नाही."

का? तर पहिला ठसा धुताना फाटला! आणि एकदा जमलं म्हणजे काहीच जमलं नाही म्हणे, परत करून दाखवायचं, तीच टाच, त्याच भेगा, महिन्यामहिन्याला. आणि ती मेहुणी, जिनं जन्मभर मलम-मलम जप केला, तिनं डबी कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली! "अहो, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. मलम लावायचं नाही!"

आता माणूस चोरून सिगारेट ओढतो, चोरून गोड खातो. साडूनं न्हाणीघरात कडी लावून चोरून मलम लावलं! वासानं पकडला गेला. जावई डोकं धरून बसला, "बाबा, आमचं काम दोन महिने मागं गेलं!"

"अरे मला दोन पावलं पुढं जाता येत नाही, त्याचं काय?"

शेवटी मॅडम स्वतः घरी आल्या. गुडघ्यावर बसल्या, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "अप्रतिम!" तुम्हाला सांगतो, साडूच्या कुठल्याही भागाला आजवर कुणी अप्रतिम म्हटलं नव्हतं. विरघळला बिचारा! मॅडम सांगत होत्या, "काका, याच्यामुळं पाय गेलेली माणसं चालायला लागतील."

"कधी?"

"पंधरा-वीस वर्षं धरा."

"आणि तोवर मी?"

चौघंही एका सुरात, "मलम लावायचं नाही!"

थांबा, पुढं ऐका. मॅडम दारातून परत फिरल्या. तुलना पाहिजे म्हणे! डाव्या टाचेला रोज मलम, उजवीला थेंब नाही! आणि डावीला मलम कोण लावतं? जावई, स्वतः, मोजून, मायेनं! आज डावी टाच म्हणजे तान्ह्या बाळाचा गाल. तिच्या ठशावर पेशी नुसत्या लोळतात, काम करीत नाहीत. आणि उजवी? उजवी प्रयोगशाळेच्या मालकीची. साडू एका पायावर उभा राहून इस्त्री करतो, बगळ्यासारखा! गिऱ्हाईकं विचारतात, नवस केला की काय?

बरं, आता खरं-खोटं. पेशी खऱ्या. जावई खरा, तुमच्या दुर्दैवानं असे आणखीही असतील. मॅडम खऱ्या, भिंग खरं.

साडू तेवढा खोटा. मला साडूच नाही, माझी बायको एकुलती एक.

तेव्हा कुणी एक खुर्ची द्याल का? हा डावा पायही आता भरून आलाय... अहो ताई, नको! ती डबी पर्समधून काढू नका! तुमचं मन मोठं आहे, पण तिसऱ्या रांगेत ती कडेला बसलीय ना, हाताची घडी घालून, अजिबात न हसणारी? ती माझी मुलगी. कार्यक्रमाला नाही आलेली, टाचेवर नजर ठेवायला आलीय.

हो गं बाई, हो. नाही लावत.