हैदराबादची डॉक्टरीण

तेलुगू राज्यातल्या आमच्या बेला गावच्या सरकारी दवाखान्यात कम्प्युटरवर हैदराबादचे डॉक्टर दिसतात, हे तुमाले माहीतच आहे. सरकारनं लई पैसा लावला, पण नेटवर्क कवा जाईन, सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात आत्याले गुडघे दाखवाले नेलं. लेक पुण्याले दिल्यापासून ती एकटीच राह्यते. पडद्यावर तरणी डॉक्टरीण आली. बाकीचे तेलुगूत बोलतात, हिनं मराठीत इचारलं, "आई, जेवल्या का?"

आत्या खुर्चीतून पुढं सरकली. ती बोलणार, तेवढ्यात नेटवर्क गेलं.

बऱ्याच वेळानं नर्सबाई म्हणाल्या, "आजी, आता काही नेटवर्क येत नाही. गोळ्या घ्या अन् घरी जा."

आत्या काळ्या पडद्यासमोरून हलली नाही. म्हणाली, "थांब ना बाई. पोरीनं जेवणाचं इचारलं, तिले सांगाचं राहून गेलं."