सबनीस सर जिना चढतात

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

मरणाची म्हणता? खोटं! मरणाला भिणारा माणूस एका हातानं फटफटी चालवत दुसऱ्या हातानं फोनवर बोलेल का? मग भुताची? भुतं हल्ली भेटतच नाहीत — त्यांनाच आपली भीती बसली असावी! नाही मंडळी, माणूस भितो तो एकाच गोष्टीला. चारचौघांसमोर 'याला येत नाही' असं दिसण्याला!

आता देवाकडे बघा. साक्षात परब्रह्म! ज्याच्या करंगळीवर पुढं गोवर्धन तोलला गेला, तो यशोदेच्या अंगणात पहिल्या दिवशी उभा राहिला का? नाही! बुडावर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. गौळणी खदाखदा हसल्या. देव रुसला का? 'मी वैकुंठाचा धनी, मी नाही रांगणार' असं म्हणाला का? देवाला नवखं व्हायची लाज वाटली नाही, आणि आपल्याला वाटते. मग सांगा — मोठा कोण? देव, की आपण?

पेटीवाले विचारात पडलेत. त्यांना दोन्ही बाजू पटतायत. असो!

तर याचंच आख्यान लावतो. आपल्याच जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी मला तिथं बोलावणं आहे. त्या गावात राहतात नरहर सबनीस. सबनीस सर! हायस्कुलात गणित शिकवायचे. सरांचं गणित पक्कं, आणि शिक्षा त्याहून पक्की. उत्तर चुकलं — धर कान, काढ उठाबशा! पाढा अडला — उठाबशा! उत्तर बरोबर आलं पण रीत नाही दाखवली — तरी उठाबशा! गावातल्या दोन पिढ्यांच्या मांड्या सरांनी घडवल्या. स्वतः मात्र जन्मात एक उठाबशी काढली नाही. वेळच आली नाही. त्यांचं गणित कधी चुकलंच नाही!

पुढं सर निवृत्त झाले. शाळेची खुर्ची सुटली, घरची धरली. पेपर खुर्चीत, चहा खुर्चीत, डुलकी खुर्चीत. सरांच्या पत्नी देवाघरी गेलेल्या. घरात सर, खुर्ची आणि रोज संध्याकाळी येणारा लेकीचा फोन. लेक वैजयंती. लाडाची वैजू! सासर सोलापूरचं.

वैजूला दिवस गेले. डोहाळजेवणाला सर सोलापूरला गेले. काय ती पंगत! पाट, रांगोळ्या, उदबत्त्या. सर हौसेनं पाटावर बसले, आग्रहाची जिलबी घेतली, वर आणखी एक बिनआग्रहाची घेतली. पंगत उठली. सर उठेनात! एक हात टेकला — नाही. दोन्ही टेकले — नाही. शेवटी व्याही आणि व्याह्यांचे धाकटे बंधू आले, काखेत हात घातले, आणि कपाट सरकवावं तसं सरांना उभं केलं. विहीणबाई पदराआड हसल्या. पोटातली जिलबी कडू झाली!

पण ते काहीच नव्हे. खरं लागलं ते निघताना. वैजू जवळ आली, सरांचा हात हातात घेतला.

"बाबा, बाळंतपणाला मी आपल्याकडेच येणार हं. फक्त एक ऐका. बाळाला तुम्ही उभ्यानं नका उचलू. तुम्ही खुर्चीत बसलात ना, की मी मांडीवर देत जाईन."

मायेनं बोलली हो पोर! म्हणून तर जास्त लागलं. हीच वैजू तान्ही असताना रडायला लागली की सर तिला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालायचे. आणि आता? आता आजोबा म्हणजे बाळ ठेवायचं फर्निचर!

सर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "गुडघे ठीक आहेत सर. मांड्यांत जोर उरला नाही. जिमला जा."

"जिम? या वयात?"

"याच वयात. पोरं हौसेनं जातात, तुम्ही गरजेनं जा."

आता बाजारपेठेत मेडिकलचं एक दुकान, आणि त्याच्यावर माडीला जिम. चालवतो कोण? बाजीराव थोरात! म्हणजे बाज्या! अख्ख्या हायस्कुलात सगळ्यात जास्त उठाबशा ज्यानं काढल्या, तो बाज्या थोरात!

सर पहिल्या दिवशी गेले. अर्धा जिना चढले. वरून लोखंड आपटल्याचा आवाज. धडाड धूम गाणी. आणि मधेच कुणीतरी ओरडतंय — "हाऽऽऽ!" — दाढ उपटल्यासारखं. सरांच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. वर आरसे. आरशांत पोरं. पोरं हसतायत — 'ए, बघ बघ, सबनीस्याला वाकता येईना!' सर गर्रकन वळले आणि खाली आले.

पण रिकाम्या हातानं कसं जायचं? कुणी विचारलं जिन्यात काय करत होता, तर? म्हणून मेडिकलमध्ये शिरले. मेडिकलवाले शिरीषभाऊ म्हणाले, "या सर, काय देऊ?" सरांना समोर जे दिसलं ते बोलून गेले — "इसबगोल."

दुसऱ्या दिवशी? अर्धा जिना, आणि इसबगोल! तिसऱ्या दिवशी? अर्धा जिना, आणि... बरोबर! घरात डब्यांची उतरंड लागली. शिरीषभाऊंना काळजी पडली. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, फारच त्रास आहे का हो?" आता शिरीषभाऊंना कळलं म्हणजे गावाला कळलं. देवळात एकानं एरंडेल सुचवलं. भाजीवालीनं पिकली पपई पिशवीत टाकली — "न्या गुरुजी, मोकळं वाटंल!" आणि सर काय म्हणाले? म्हणाले, "आभारी आहे."

बघा मंडळी! पोट साफ होत नाही ही बातमी गावभर फिरली तर चालेल — पण व्यायाम येत नाही हे कुणाला कळायला नको! हसताय? हसा! असा एखादा डबा तुमच्याही फडताळात असेल. मी उघडून बघायला येत नाही, काळजी नको.

अशात एका संध्याकाळी वैजूचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाबा, सासूबाई म्हणतायत बाळंतपण इथंच करू. तुम्ही एकटे, तुम्हाला झेपायचं नाही. आणि... बरोबरच आहे त्यांचं. उगाच तुमची ओढाताण."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? ऐकताय ना?"

"वैजू, तुला कुठं यावंसं वाटतंय?"

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "विहीणबाईंना सांग, मी माहेरी चाललेय म्हणून. इथलं मी बघतो." आणि फोन ठेवला.

बोलायला बोलले! आता? सर खुर्चीच्या हातांना रेटून उठले, चपला चढवल्या, निघाले. मेडिकल आलं. शिरीषभाऊंनी सवयीनं डबा काढूनच ठेवलेला. सर तिकडं न बघता थेट जिन्यात. अर्धा जिना आला, आणि पाय थबकला. वरून — "हाऽऽऽ!" भरल्या वर्गात ज्यांचा आवाज कधी कापला नाही, ते सर कठडा घट्ट धरून उभे! आणि तसेच, कापत कापतच, त्यांनी पुढच्या पायरीवर पाय टाकला.

इथं जरा थांबतो, मंडळी. भीती गेली आणि मग सर चढले, असं झालेलं नाही. भीती होतीच. तीही सरांबरोबर जिना चढली!

सर दारात उभे राहिले. आणि काय व्हावं? गाणं बंद! लोखंड गप्प! पालथा पडून दंड काढणारा उडी मारून ताठ. एकानं मोबाइल खिशात कोंबला. एक दांडगा पैलवानगडी, दंड बगलेला टेकत नाहीत असा — त्यानं हातातलं डंबेल पाठीमागं लपवलं! सगळा वर्ग उभा! कारण तिथला जो तो सरांच्या हाताखालून गेलेला. सर जिन्यात यांना भीत होते, आणि ही सगळी मंडळी अजून सरांना भीत होती! भीतीचा हिशेब कोण लावणार?

बाज्या पुढं आला. केवढा झालेला! पण आवाज सातवीतला. "सर... तुम्ही? गाण्याचा आवाज खाली येतो का? बारीक करतो सर."

सर म्हणाले, "थोरात, मला शिकायचंय."

"काय सर?"

"जमिनीवरून उठायला."

कुणी हसलं नाही. बाज्यानं एक बाक ओढून आणलं. "सर, सुरुवात स्क्वॉटनं करू."

"म्हणजे काय?"

बाज्या इकडं बघतो, तिकडं बघतो. कसं सांगावं? शेवटी हळूच म्हणाला, "म्हणजे... उठाबशा, सर."

सरांनी मान हलवली. आरशासमोर गेले. पाय जुळवले. डोळे मिटले. आणि दोन्ही हातांनी — आपले कान धरले!

काय करतील बिचारे? आयुष्यभर उठाबशी म्हणून त्यांनी तेवढीच बघितलेली! कान न धरता उठाबशी असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

तो दांडगा फिस्सकन हसला. बाज्यानं डोळे वटारले. सरांनी डोळे उघडले, आरशात स्वतःला पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल.

"थोरात, कान सोडायचे असतात का?"

"सोडा सर," बाज्या म्हणाला. "इथं शिक्षा म्हणून करत नाही आपण."

सरांचे हात खाली आले. आणि मग सरांनाच हसू फुटलं! खांदे गदागदा हलायला लागले. गावानं सरांचे दात पहिल्यांदा पाहिले. मग काय, सगळी माडी हसली. बाज्या तर खाली बसून हसला.

हसणं ओसरलं. सर म्हणाले, "थोरात, तुला मी फार काढायला लावल्या रे."

"हे बघा की सर!" बाज्यानं मांडीवर थाप मारली — देवळाच्या खांबाएवढी मांडी! "तुमचीच कृपा." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण खरं सांगू का, सर? पायांचं काही नव्हतं. सगळे बघायचे ना, त्याचं वाईट वाटायचं."

सरांनी जिन्याकडं पाहिलं. इतके दिवस अर्ध्या जिन्यातून ते कशापायी परत फिरत होते?

बाज्यानं बाक उचललं. "चला सर, त्या कोपऱ्यात करू. भिंतीकडं तोंड करून. कुणाला दिसायचं नाही."

सर म्हणाले, "नको. इथंच राहू दे. बघू देत."

आणि सर बसले, बाज्याचे दोन्ही हात धरले, आणि उठले. जेमतेम! पाय लटलट कापले. 'हाऽऽऽ' असा आवाज आला — आता तो सरांचाच होता!

दुसऱ्या दिवशी अंग असं धरलं म्हणता! संडासात बसायचं म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागे. पण सर गेले. मधे कंटाळले, तेव्हाही गेले. एकदा तोल जाऊन बाज्यासकट पडले, दोघांनी एकमेकांना उठवलं. बाज्याचे हात हळूहळू सुटले. मग बाक सुटलं. शेवटी बाज्या रेतीची पोतडी छातीशी द्यायचा आणि म्हणायचा, "सर, ही रडतेय. घेऊन उठा!"

आणि वैजू आली. माहेरीच आली! मुलगी झाली. वैजूनं मात्र शब्द पाळला — सर खुर्चीत बसले की बाळ मांडीवर. सरांनी जिमचं तिला सांगितलंच नव्हतं.

एक दुपार. वैजू न्हाणीघरात. बाळ खाली दुपट्यावर, आणि शेजारी जमिनीवर सर. बाळानं जो सूर लावला! सरांनी तिला उचललं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. आता टेकायला हात उरला नाही. धरायला खुर्ची नाही. जिवाएवढं गाठोडं छातीशी!

वैजू धावत आली, केस ओले. "बाबा, थांबा! उठू नका! मी घेते!"

"तिथंच राहा," सर म्हणाले.

एक पाय रोवला. गुडघा कटकन वाजला. सरांच्या मांड्या थरथरल्या, थांबल्या... आणि सर उठले! सरळ उभे राहिले. बाळ गप्प. वैजू दाराला टेकली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "द्या बाबा आता इकडं."

सर अंगणाकडं वळत म्हणाले, "नाही देत जा. मला आत्ता मिळालीय!"

मंडळी, आता ही गोष्ट तुमच्याकडे येते. तुम्ही इथं बसून सरांना हसलात, सरांसाठी हळहळलात, फार छान केलंत. पण तुमचं काय राहिलंय? कुणाला पोहायचंय, कुणाला सही करायला शिकायचंय, कुणा आजीला नातवाशी व्हिडिओवर बोलायचंय — आणि गाडी अडलीय कुठं? शेजारीण काय म्हणेल इथं! अहो, ती शेजारीणही तुम्हाला बिचकून घरात बसलीय! एकीनं तरी दार उघडा!

आता आरती. आरतीला उभं राहावं लागतं. मी इतकी वर्षं इथून बघतो — एक जण खांब धरतो, दुसरा पहिल्याचा खांदा धरतो, तिसरी 'अगं आई गं' म्हणत सुनेला धरते. आज तसं नको. हात सोडा आणि जमेल तसं उठा. कुणाला जमणार नाही. कुणी पुन्हा खाली बसेल. शेजारचा हसेल — हसू दे, पुढची पाळी त्याचीच आहे. न जमता देवासमोर उभं राहण्यात कमीपणा नाही, मंडळी. देवाला आपलं सगळं ठाऊकच असतं. चला! कोण पहिलं?

...वा! मागच्या रांगेतल्या त्या आजी उठल्या! अहो, टाळ्या काय वाजवताय बसल्या बसल्या? उठा!