मुंबईच्या साहेबाची शाबासकी

त्या मुंबईच्या साहेबाचं नाव नका काढू बापा माह्यासमोर!

सलीमभाईचं मुलचेऱ्याच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. सारे ट्रकवाले तिथी थांबत, म्हणून दलमवाले, म्हणजे जंगलातले नक्षलवादी, कधी झाडं पाडून रस्ता अडवतीन, याचा त्याले आधीच अंदाज येये. तो मले सांगे, अन् मी कंपनीचा मुनीम, बिडीच्या तेंदूपत्त्याच्या गाड्या थांबवून ठेवत होतो, नाई त आधीच काढून देत होतो. तो पत्ता मुंबईहून जहाजानं परदेशी जाय. जहाज एकदाही खोळंबलं नाई, म्हणून कंपनीचा तिथला साहेब भलता खूश. एक दिवस स्वतःच आला अन् भरल्या दुकानात सलीमभाईच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "हेच का आमचे खबरी!"

आपल्या इकडं खबरी म्हणजे पोलिसाचा माणूस. सलीमभाई कसाबसा हसला, "मी त पंक्चरवाला आहो, साहेब." कोणी हसलं नाई.

आठवडाही झाला नसन, साहेबाचा फोन आला. "सलीमला विचारा ना, रस्ता चालू राहील का?"

मी म्हटलं, "रस्ता सकाळपासून बंद हाये, साहेब. सलीमभाईच आडवा पडून हाये त्याच्यावर."