ईरम्माच्या रानातला नारळ

राजनंदिनी : काढा आता डोळ्यांवरचं फडकं, आबा. बघा.

भिमा : काय बघायचं? हातावर आडवा ठेवलेला नारळ तीनदा उभा राहिला. खाली पाणी हाय.

राजनंदिनी : तिन्ही वेळा वेगळ्या जागी राहिला. मी दगड ठेवलेत. एक बांधाला, एक डाळिंबात, एक इथं.

भिमा : मग तिन्ही जागी पाणी हाय.

राजनंदिनी : आणि पुढच्या फेरीत चौथ्याच जागी उभा राहिला तर?

भिमा : तर ईरम्मावहिनीचं नशीब लई थोर म्हणायचं.

राजनंदिनी : थट्टा नको. उद्या बोरची गाडी येणार. हा बोर कोरडा गेला तर डाळिंबाची बाग तोडून टाकणार म्हणाल्या ईरम्माकाकू.

भिमा : ठाव हाय मला. म्हणून तर आलो न्हवं. सगळ्या मंद्रूप गावाचं पाणी मीच बघतो.

राजनंदिनी : सिद्धाप्पांचा बोर कोरडा गेला, तेव्हा काय म्हणालात?

भिमा : नारळाला शेंडी कमी हुती.

राजनंदिनी : आणि शहाजीकाकांचा?

भिमा : त्यो चप्पल घालून जवळ आला हुता.

राजनंदिनी : पाणी लागलं की नारळ खरा, नाही लागलं की चप्पल आडवी आली. असला नियम कधी चुकूच शकत नाही. म्हणून तो नियमच नव्हे, आबा.

भिमा : मग तुझा कुटला? कालिजातनं पेटी आणून सळया ठोकत बसलीस सकाळधरनं.

राजनंदिनी : सळयांतून जमिनीत करंट सोडला. खडक त्याला किती अडवतो ते ओहमच्या नियमानं काढता येतं. ओला खडक कमी अडवतो. का, ते सिद्धांत सांगतो. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, ते करंट वाहून नेतात.

भिमा : आन खालचं तू डोळ्यानं बघितलंस?

राजनंदिनी : नाही. आकड्यांवरून चित्र काढलं. वर मुरूम, खाली काळा दगड, त्या बाभळीजवळ दगडाला भेग, तिच्यात पाणी असणार. त्याला मॉडेल म्हणतात.

भिमा : म्हंजे अंदाज.

राजनंदिनी : अंदाजच. पण चुकला तर चुकला म्हणावं लागतं. चपलेवर ढकलता येत नाही.

भिमा : बरं. मग उद्या वहिनीसमोर नारळ बाभळीजवळच उभा राहील.

राजनंदिनी : आबा! ही फसवणूक झाली की!

भिमा : वहिनी तुझ्या भेगंला मानत न्हाय, नारळाला मानती.

राजनंदिनी : मी समजावते त्यांना.

भिमा : काल समजावलंस की तासभर. तुला च्या पाजला आन मला फोन लावला तिनं.

राजनंदिनी : आणि तिथं पाणी नाही लागलं, तर? मॉडेल माझं चुकलं, असं काकूंना मी तोंडावर सांगणार.

भिमा : अजिबात सांगायचं न्हाय. एकदा तुझं चुकलं की परत कुणी रानात सळया ठोकू देणार न्हाय तुला.

राजनंदिनी : मग चूक माझी होती, हे कळणार कुणाला?

भिमा : तुला कळंल न्हवं? तू चित्र दुरुस्त कर. शिव्या मी खातो, मला सवय हाय.