भेंडीवरचं कापड

माहं माहेर खाप्याचं, कन्हान नदीच्या काठचं, बाप इणकर, आन सासरही इणकराचंच, नागपुरातलं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या मागंपुढं माहं लगीन झालं, मी एवढीशी होती, मले सुताच्या कांड्या भरण्याबिगर काई येत नोहतं. तवा सुतावर सरकारचा कंट्रोल होता, सूत मिळेना, माग बंद राहे, म्हणून मामाजीनं, म्हंजे माह्या सासऱ्यानं, घरामागच्या तुकड्यात भेंडी लावली. आता काय सांगू तुमाले, इणकराले वावरातलं काय समजते, पण भेंडी आली, आन तिच्यावरच आमची चूल चालली.

आत्याबाई म्हंजे माही सासू. उंच, काळी, आवाज असा का मागाच्या खटखटीतही ऐकू ये. मी तिले लय भेत होती, खोटं काहून सांगू.

तर दुसऱ्या साली भेंडी पिवळी पडली. पयले शिरा पिवळ्या, मंग अख्खं पान पिवळं, भेंडी निघे ते वाकडी न् पांढुरकी, बाजारात कोणी हात लावेना. शेजारच्या बाया जमल्या, आन म्हणे सून बाहेरची असतानी वावरात गेली असन, तिचा इटाळ लागला झाडायले. मी गेलती का नाई, मलेच आठवेना. मामाजी म्हणे, आता पुन्हा पिवळी पडली तर हिले खाप्याले पोचवून देतो, कायमची. माहे मालक खाली मान घालून बसून राहिले. मी रडून रडून डोळे सुजवले.

आत्याबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिवळी फांदी पदराखाली घेतली न् मले म्हणे, चाल वं. आमच्याकडून धोतरं नेणारा एक शेतकीचा साहेब होता, त्याच्याकडं गेलो. त्यानं पान उलटं केलं, तर खाली इवल्या इवल्या पांढऱ्या माशा. तो म्हणे, बाई, हे माशी रोगट झाडाचा रस पेते, आन तोच रोग तोंडात घेऊन दुसऱ्या झाडावर बसते, तिथं सोंड खुपसली का रोग त्या झाडात उतरते. आत्याबाई म्हणे, म्हंजे माशी येऊ नाई देली तर झाड हिरवं राहीन? तो म्हणे, राहीन. नमस्कार केला न् निंगाली.

जुनी झाडं उपटून जाळली, नवं बी लावलं. दोन ओळीवर बांबूच्या कामट्या वाकवून तिनं घरच्या मागावर इणलेल्या कापडाची झोपडी केली, बाकी ओळी उघड्या. मंग सगळ्या बायायले बलावलं न् म्हणे, ऐका वं, कापडातली झाडं माही सून पाहीन, बाहेरची असन तरी तेच पाहीन. उघडी झाडं मी पाहीन, तिची सावली पडू देणार नाई. मामाजीनं त्या दिवशी जेवण केलं नाई.

पण झालं काय, ते कापड होतं इरळ, कांजीची खळ दिल्यानं दाट दिसे. आमी इणकर, आमाले खळीचं कापड पाहाची सवय. पाऊस आला, खळ धुवून गेली, भोकं मोकळी झाली, माशा घुसल्या. आतलंही पिवळं. मामाजीनं माही पेटी अंगणात आणून ठेवली.

आत्याबाई पेटीवर जाऊन बसली. म्हणे, कापड मी इणलं, चूक माही, पोचवाचं असन तर मले पोचवा. तिचे ते शब्द अजून माह्या कानात आहेत.

मंग तिनं सणाच्या लुगड्यासाठी ठेवलेलं सूत काढलं, मागाले दाट फणी लावली, बिनखळीचं घट्ट कापड इणलं न् पुन्हा बी टाकलं. मी आत जाताना आत्याबाई माह्या लुगड्याची घडी न् घडी झटके, कापडाचं तोंड मागून दाबून धरे, न् म्हणे, घूस लवकर, तुह्यासंग माशीले आवतन नाई देलं मी. मी बाहेरची असली तरी जाओ, झाडायले हात लावो, माती सारखी करो. आत्याबाई तिकडं उघड्या ओळीत पाणी घाले, रोज आंघोळ करून, सोवळ्यानं.

उघडी भेंडी पिवळी पडली. माह्यावाली हिरवीगार. झाकल्या झाडाले फळ कमीच धरलं, पण होतं ते कवळं न् सरळ.

तोडणीच्या दिवशी मी बाहेर बसली होती. आत्याबाई म्हणे, तूच तोड, आन तूच रांध. मी चुलीपाशी गेली न् भाजी रांधली. पयला घास तिनं घेतला, बायायच्या समोर. मामाजी भिंतीकडं तोंड करून बसले होते. मंग त्यायनं हळूच आपली थाळी माह्याकडं सरकवली, न् म्हणे, वाढ बाई.

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणतीच पोरगी बाहेर बसली नाई. आता आत्याबाई नाई, मामाजी नाई, माग भंगारात गेला. माह्या नातसुना भेंडी लावतात, पान पिवळं दिसलं का मी म्हणतो, उलटं करून पाहा वं, बाईकडं नोको पाहू. माही पयली पोरगी झाली तवा आत्याबाईनं तेच कापड धुवून तिची बाळुती केली होती. अशी सासू सगळ्या पोरीयले भेटो, आणखी काय सांगू.