फोरमनबाईंचा अस्सल आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या डबिंग स्टुडिओचे मालक, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले चित्रपट वितरण कंपनीचे साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या फोरमनबाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सूनबाई, आजी-माजी सहकारी, आणि मागच्या चार रांगांमध्ये छातीवर अवकाशयानाचं चित्र असलेले टी-शर्ट घालून बसलेले चाहते, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "दादा, जरा गोड बोला." प्रयत्न करतो. मी ध्वनिमुद्रक आहे. आयुष्यभर काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांना 'पुन्हा एकदा घेऊ' म्हणत आलो. स्वतः बोलायची सवय नाही, आणि गोड बोलायची तर नाहीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जुनं, खडखडणारं अवकाशयान, त्यातली सहा माणसं आणि त्यांच्या मागे लागलेलं अर्धं विश्व, अशा गोष्टीचे नऊ चित्रपट अठ्ठावीस वर्षांत आले. मूळ भाषा परकी. आपल्या भाषेतले आवाज इथे, या इमारतीच्या तळमजल्यावर भरले गेले. त्या यानाचं इंजिन सांभाळणारी एक चिडकी, म्हातारी बाई आहे. मूळ चित्रपटात ती फार बोलत नाही, नुसती पुटपुटते. आपल्याकडे तिला आवाज दिला समोर बसलेल्या बाईंनी, आणि त्या पुटपुटण्याचं असं काही केलं, की तिचं "ओरडू नका रे, इंजिनाला ऐकू येतं" हे वाक्य लोक घरच्या मिक्सरपासून कचेरीतल्या पंख्यापर्यंत सगळ्यांपुढे म्हणू लागले. तेव्हापासून स्टुडिओत त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारली नाही. त्या फोरमनबाई झाल्या.

आता चाहत्यांविषयी. आपण आलात, बरं वाटलं. पण आपला उद्योग काय आहे, हे इतरांनाही कळू द्या.

ही मंडळी चित्रपट बघत नाहीत, तपासतात. तपासून झाला की घरच्या संगणकावर कापायला घेतात. आणि मग जगाला सांगतात, की ज्यांनी तो बनवला त्यांना तो कळलाच नव्हता. एका गृहस्थांनी यानातल्या माणसांचं खाणं आणि झोपणं काढून टाकलं, कारण त्याने कथेचा वेग मंदावतो. त्यांच्या आवृत्तीत नऊ भाग कोणी जेवत नाही. दुसऱ्यांनी सातवा भाग दुसऱ्याच्या आधी आणला. का, तर तसा तो 'जास्त कळतो'. तिसऱ्यांनी स्फोटांचे आवाज पुसले, अवकाशात आवाज नसतो म्हणे. बरोबर आहे. अवकाशात पॉपकॉर्न खाणारे प्रेक्षकही नसतात, पण त्यांना पुसायचं कोणाला सुचलं नाही. या सगळ्या आवृत्त्यांना नावं आहेत. शुद्ध आवृत्ती, खरी आवृत्ती, अंतिम आवृत्ती, आणि अंतिम आवृत्ती सुधारित. शुद्धवाले आणि खरेवाले एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच कचेरीत शेजारी बसतात आणि स्टेपलर हवा असला तरी तिसऱ्याकडून निरोप पाठवतात.

मला याचं हसू यायचं. चौदा वर्षांपूर्वी यायचं थांबलं.

पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मधे बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजाच्या नसेला धक्का लागला. सात महिने बाई पाटीवर लिहून बोलत होत्या. भाजीवालीलाही पाटी, डॉक्टरांनाही पाटी. मी भेटायला गेलो की त्या लिहायच्या, 'चहा घे', आणि पुसून लिहायच्या, 'साखर तुझी तू घाल'. मग हळूहळू आवाज परत आला, पण तो आधीचा नव्हता. खाली उतरलेला, कडेला फाटलेला. मोठ्या वाक्याच्या शेवटी तो सुटून जायचा. सहावा भाग आला तेव्हा बाईंनी मला विचारलं, "चालेल का रे?" मी म्हणालो, "बाई, फोरमनबाईचंही वय झालंच असणार की." त्या हसल्या आणि कामाला लागल्या.

चित्रपट आला आणि आमच्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. त्यातलं पहिलं होतं एका दंतवैद्यांचं. ते आज सहाव्या खुर्चीवर बसले आहेत आणि मी त्यांच्याविषयी बोलणार हे त्यांना माहीत आहे. कंपनीने मूळ कलाकार काढून स्वस्तातली नक्कल आणली, हा प्रेक्षकांचा विश्वासघात आहे, मूळ बाईंचा पत्ता कळवा, असं पत्र. मी उत्तर दिलं, त्याच बाई आहेत, आजारी होत्या. त्यावर त्यांचं उत्तर मला पाठ आहे. 'मी वीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतो आहे. आवाज कुठून येतो ते आपण मला शिकवू नये.'

मग या गृहस्थांनी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, चार वर्षं खपून, सहाव्या आणि सातव्या भागाची 'अस्सल आवृत्ती' तयार केली. केलं काय? बाईंचा नवा आवाज सगळीकडून काढला आणि पहिल्या पाच भागांतले त्यांचेच जुने शब्द वेचून त्या जागी जोडले. म्हणजे बाईंना हाकलून तिथे बाईंना बसवलं. आणि त्या आवृत्तीच्या पहिल्या खेळाला 'मूळ कलाकारां'नी यावं म्हणून आमच्याकडे निमंत्रण पाठवलं.

मी ते फाडणार होतो. बाई म्हणाल्या, "थांब. माझं काय काय काढलंय ते बघू तरी."

गेलो. एका चष्म्याच्या दुकानावरची खोली, चाळीस खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा. सगळे उठून उभे राहिले. दंतवैद्यांनी फुलं दिली आणि अदबीने म्हणाले, "बाई, ते एक वाक्य म्हणा ना." बाईंनी म्हटलं. "ओरडू नका रे, इंजिनाला ऐकू येतं." त्यांच्या आवाजात. आज जो आहे त्या आवाजात.

खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "अरे, या तर नव्या बाई आहेत." आणि दंतवैद्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मूळ बाई येऊ शकल्या नाहीत का?"

अध्यक्ष महोदय, माझ्या हातात तेव्हा पाण्याचा पेला होता आणि तो मी कोणावर फेकला नाही, याची आजच्या समारंभात कुठेतरी नोंद व्हावी.

बाईंच्या गळ्याभोवती रुमाल होता. त्याच्याखाली टाक्यांची खूण होती. रुमाल सोडला असता तर एका क्षणात निकाल लागला असता. त्यांनी सोडला नाही. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू करा."

चित्रपट सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला बाई मोठ्याने बोलू लागल्या. "हा 'चल' दुसऱ्या भागातला. मला सर्दी होती, नाक ऐका." थोड्या वेळाने, "हे 'नाही' चौथ्यातलं. मी हसत म्हटलं होतं. इथे माणूस मेलाय आणि फोरमनबाई हसतेय." मग, "इथे श्वास कापलात. ओठ मिटतात त्याच्या आधी शब्द संपतो." असं एकेक करत अठरा तुकडे त्यांनी ओळखले. कुठल्या भागातला, कुठल्या प्रसंगातला, त्या दिवशी घशाला काय झालं होतं, सगळं. माणसं वळून बघू लागली. दंतवैद्यांनी चित्रपट थांबवला. चेहरा उतरला होता. म्हणाले, "म्हणजे तुम्हीच…"

"मग कोण असणार?"

आता कोणीही शहाणा माणूस इथे माफी मागेल. हे गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही आवाज का बदललात?"

बाई म्हणाल्या, "जुन्याचा कंटाळा आला होता."

खोली हसली. मीही हसलो. पण पुढचं ऐका, कारण तिथून माझं हसणं बंद झालं. चित्रपट पुन्हा चालू झाला. सहाव्या भागात वैमानिक पोरगी एकटी निघते आणि फोरमनबाई तिला एकच शब्द म्हणते, "सांभाळून." तो आला आणि दंतवैद्य खुशीत म्हणाले, "हा मात्र आम्ही हलवला नाही. कंपनीचाच आहे. एवढा एक शब्द नव्या आवाजात जमला होता तुम्हाला."

बाई म्हणाल्या, "हो." बस, एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही.

तो शब्द नव्या आवाजातला नव्हता. त्या दिवशी बाईंनी तो एकोणीस वेळा म्हटला आणि एकोणीस वेळा तो मधेच फाटला. शेवटी मी म्हणालो, "झालं बाई, एक चांगला मिळालाय." त्या घरी गेल्या. मग मी तिसऱ्या भागाची फीत काढली, तिथला 'सांभाळून' उचलला आणि जोडला. मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, मालकांनी नाही. दंतवैद्यांच्या किती तरी आधी, हातात अधिकृत चाव्या घेऊन, हे काम मी केलं होतं. आणि मघापासून मी कोणाला नावं ठेवतो आहे, ते आपण ऐकलंच.

परतताना टॅक्सीत बाई फुलं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. मी काही बोललो नाही. पुढची आठ वर्षं बोललो नाही.

दंतवैद्यांनी मात्र वेळ घालवला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, 'अस्सल आवृत्तीला मूळ कलाकारांचं मार्गदर्शन लाभलं आहे.' बाईंनी दाखवलेल्या अठरा चुका दुरुस्त करून नवी आवृत्तीही काढली. या जमातीला लाज वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. वाटत असेल, पण तेवढा भाग ते कापत असावेत.

आता गेल्या वर्षीचं. नववा आणि शेवटचा भाग. साहेब, आपण पाणी घ्या, मी थोडक्यात आटपतो. चाहत्यांची मतं आपल्या कचेरीत वजनाने मोजली जातात. तिथे ठरलं, की बाईंचा जुना आवाज यंत्राकडून तयार करून घ्यायचा. बाईंनी फक्त एका कागदावर सही करायची आणि मी जुन्या फिती द्यायच्या. आपला माणूस तो कागद घेऊन तळमजल्यावर आला. बाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि म्हणाल्या, "जिवंत आहे तोवर मी माझं मीच बोलते. नको असेल तर दुसरी बाई बघा. पण बाई बघा." माझ्याकडे आला तेव्हा मी सांगितलं, फिती सापडत नाहीत. त्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या.

दोन महिने काम अडून राहिलं. बाई रोज दहाला येऊन बाकावर बसायच्या आणि एकला डबा खाऊन घरी जायच्या. आणि हे प्रकरण सोडवलं कोणी? या दंतवैद्यांनी. त्यांनी आपल्या सहाशे लोकांच्या सह्यांचं पत्र कंपनीला पाठवलं. त्यात बाईंवर दया नव्हती, न्यायाची चाड नव्हती. त्यात एवढंच होतं, की यंत्राचा आवाज 'मूळ' धरता येणार नाही आणि अशा भागाला आम्ही मालिकेत मोजणार नाही. चुकीच्या कारणासाठी का होईना, बरोबर गोष्ट केली. डॉक्टर, आभारी आहे. हे म्हणताना मला किती त्रास होतोय ते आपल्याला दिसत असेल.

नववा भाग बाईंनी स्वतः बोलला. फाटका तर फाटका, प्रत्येक शब्द त्यांचा. शेवटचं वाक्य झालं तेव्हा त्यांनी हेडफोन काढून ठेवले. मी काचेच्या पलीकडे गेलो आणि इतक्या वर्षांचं ते एका दमात सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "सहाव्या भागाच्या पहिल्याच खेळाला कळलं होतं रे."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील." पर्स उचलत म्हणाल्या, "त्या दिवशी आवाज लागत नव्हता, हे खरंच आहे. जोडलास त्याचं काही नाही. तू 'चांगला मिळालाय' म्हणालास ना, त्या आनंदात मी घरी जाऊन सुनेला शिरा करायला लावला होता."

सूनबाई, आपल्यालाही तो विनाकारण ढवळावा लागला.

मालकांचे आभार, त्यांनी हा समारंभ घडवून आणला. साहेबांचे आभार, ते उठून गेले नाहीत. चाहत्यांचे आभार, ते आले, ऐकून घेतलं आणि यातलंही त्यांना हवं तेवढंच ते ठेवतील. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला लागलं असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. बाई, तुम्ही मात्र पदरात घ्यायची घाई करू नका. मी वाट बघेन. नमस्कार.