नवऱ्याच्या आत बायको

चहा घ्या बायांनो, पण माझ्यासमोर कोणी 'मशीन चुकत नाही' म्हणू नका. साठी उलटल्यावर मी माझी मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. पुरात गावातलं कोण बाहेर निघालं, कोण राहिलं, हे कळावं म्हणून एक लिहिला. त्यातली माणसं जेसन नावाच्या साच्यातल्या मजकुरात उतरवायची आणि दुसऱ्या फोनवर त्या मजकुरातून परत उभी करायची. पण मी नवऱ्याच्या नोंदीत बायको ठेवलेली आणि बायकोच्या नोंदीत नवरा. मजकूर करताना प्रोग्रॅम त्याच्यातून तिच्यात, तिच्यातून त्याच्यात गोल गोल फिरायचा आणि बंद पडायचा.

शेजारचा प्रशांत इंजिनिअर. म्हणाला, "काकू, फक्त पुरुष लिहू. बायका त्याहिच्या आत येऊन जातीन."

"अन् जिले नवराच नाही, तिचं काय?"

"पाहू नं नंतर."

मी मोहाडीला बहिणीकडे गेले, तेवढ्यात त्याने आपलंच खरं केलं. आणि वैनगंगा चढली. मी धावत परतले, तर हा शाळेच्या ओसरीत फोन घेऊन उभा. "सगळे निंगाले, काकू."

"भागरता कोठी हाये?" भागरता माझी मैत्रीण. विधवा, नदीकाठी एकटी राहायची.

त्याने फोन चाळला. "यात तं नाही."

"यात नाही म्हणजे गावात नाही का रे?"

मग तिला आणायला डोंगा, म्हणजे लाकडी नाव, गेला. भागरता घरातच सापडली, आढ्याला घट्ट धरून. जीव कधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी प्रशांत मान खाली घालून आला. "काकू, भागरताबाई मृत, असं लिहू का?"

म्हटलं, "लिही नं. पण मेली लिहायले आधी भागरता होती, असं लिहावं लागंल."